डाव्या हाताला पंजा नसलेल्या मुलीला तायक्वांदो: वर्ग कोणता, खाली काय अंथरायचं, सुरुवात कुठून?

पीटी_गुरुजी_केळापूर

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याच्या पुढे एका आश्रमशाळेत शारीरिक शिक्षण शिकवतो. आठवीत एक मुलगी आहे. वय १३, वजन ३८ किलो, कबड्डीतली, पायात जोर भरपूर. डावा हात जन्मतःच अपुरा: कोपर पूर्ण वाकतं, पण मनगटाच्या चार बोटं वरच हात संपतो. नेपाळच्या पलेशा गोवर्धनची (पॅरालिम्पिक पदक मिळवणारी तायक्वांदो खेळाडू) बातमी वर्गात वाचून दाखवली, तेव्हापासून तिच्यासकट बारा-तेरा मुली तायक्वांदो शिकवा म्हणून मागे लागल्या आहेत.

माझं शिक्षण कराटेचं, तेही ब्राउन बेल्टपर्यंत. तायक्वांदोचे प्रशिक्षक यवतमाळला आहेत, महिन्यातून दोन रविवार येतील. बाकी दिवस मीच.

विचारायचं ते असं:
१) ही मुलगी पलेशाच्याच वर्गात मोडेल का? अपंगत्वाचं प्रमाणपत्र आहे, ते पुरतं का?
२) जागा म्हणजे शहाबादी फरशीचा व्हरांडा, ३० फूट लांब, ८ फूट रुंद. बाहेर काळ्या मातीचं मैदान. शाळेकडून १५ हजार मिळतील. काय घ्यायचं, काय नाही?
३) पहिले तीन महिने नेमकं काय शिकवायचं? हात कमी असल्यानं काही वेगळं?
४) पुढे या खेळात मुलीचं काही होतं का, की पट्टे गोळा करण्यातच वर्षं जातात?

के४४

पहिल्या प्रश्नापासून. तुमच्या वर्णनावरून ती के४४ वर्गात, म्हणजे हाताच्या व्यंगाच्या खेळाडूंच्या गटात, बसावी. पॅरा तायक्वांदोत लढतीला क्योरुगी म्हणतात आणि पॅरालिम्पिकमध्ये ती हाताचं व्यंग असलेल्यांसाठी असते. टोकियो आणि पॅरिस दोन्हीकडे के४४ याच नावाखाली लढती झाल्या. पलेशाही याच वर्गातली. टोकियोत ती ५८ किलोखाली खेळली. पॅरिसला वजनगट बदलले, तेव्हा ५७ किलोखाली कांस्य घेतलं, तारीख ३० ऑगस्ट २०२४. नेपाळचं ते पहिलंच पॅरालिम्पिक पदक. पॅरिसला मुलींचे गट होते ४७, ५२, ५७, ६५ आणि ६५ च्या वर.

आता प्रमाणपत्र. इथे बरेच शिक्षक आणि पालक फसतात. जिल्हा सामान्य रुग्णालयातून मिळालेलं टक्केवारीचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं ओळखपत्र) सरकारी योजना, बस सवलत, नोकरीतलं आरक्षण यांसाठी. खेळातला वर्ग टक्क्यांवर ठरत नाही. तो ठरतो हात नेमका कुठे संपतो, कोणतं हाड आहे, कोणतं नाही, सांधा किती हलतो यावर, आणि तो वर्ल्ड तायक्वांदो या आंतरराष्ट्रीय संघटनेचे वर्गीकरण करणारे तज्ज्ञ स्पर्धेच्या ठिकाणी प्रत्यक्ष तपासून ठरवतात. म्हणून ४० टक्के प्रमाणपत्र असूनही एखादी मुलगी वर्गात बसत नाही. दोन बोटं नसलेली मुलगी बहुतेक वेळा बसत नाही. तुमच्या मुलीचं मनगटच नाही, तिथे शंका कमी.

आजपासून जमवायची कागदपत्रं:

- दोन्ही हातांचा, खांद्यापासून टोकापर्यंतचा एक्स-रे. दोन्ही हातांचा, कारण तुलना लागते. फिल्म गुंडाळू नका, सपाट ठेवा, शिवाय मोबाईलवर फोटो काढून ठेवा.
- हाडांच्या डॉक्टरांचं पत्र, त्यात 'जन्मजात' हा शब्द आणि हात कुठल्या पातळीवर संपतो ते. पुढे आंतरराष्ट्रीय स्पर्धेला मेडिकल डायग्नोस्टिक फॉर्म भरावा लागतो, तो याच पत्रावरून भरला जातो.
- जन्मदाखला, आधार आणि शाळेचा दाखला, तिन्हींत नाव आणि जन्मतारीख अक्षरशः सारखी. आश्रमशाळेतल्या मुलींच्या दाखल्यावर कित्येकदा १ जून ही तारीख टाकलेली असते आणि आधारवर दुसरी. ती दुरुस्ती आठवीतच करा. अकरावीत पासपोर्टच्या वेळी करायला गेलात तर वर्ष जातं.

आणि एक. कृत्रिम हात लावून लढता येत नाही. सरावातही लावू नका, तोल त्याच्या सवयीचा होऊन बसतो.

मुरूम_माती

सरजी, मॅटच्या आधी फरशीचं पाहा. शहाबादीवर राउंड किक (कंबर फिरवून मारलेली) शिकवू नका, एक दिवस बी नाई. कारण सांगतो. किक मारताना खालचा पाय, म्हणजे ज्याच्यावर पोट्टी उभी हाये तो, पंजावर फिरला पाह्यजे. किक लागते त्या टायमाले टाच समोरच्या गड्याकडे झाली पाह्यजे. खरबड्या फरशीवर घामाचा तळवा चिकटून बसते. वरचं अंग फिरते, मांडी फिरते, पाय जागीच राह्यते. मंग तो पीळ जाते कुठं? गुडघ्यात. पैल्या आठवड्यात काई वाटत नाई, दुसऱ्या महिन्यात पोट्टी म्हणते गुडघ्याच्या आतून कळ येते. तवा उशीर झाला असते.

काळ्या मातीचं मैदान धावाले ठेवा. उन्हाळ्यात भेगा पडते, त्यात घोटा गेला का गेला. पावसाळ्यात तं बोलाचंच नाई.

१५ हजारात मी असं करीन:

मॅट घ्या १ मीटर बाय १ मीटरच्या, दाते असलेल्या, २५ मिलिमीटर जाड. स्पर्धेत बी एवढ्याच जाडीच्या राह्यते. ४० मिलिमीटरच्या जुदोवाल्या घेऊ नका, पाय रुतते अन् फिरत नाई, म्हणजे फरशीचीच भानगड पुन्हा. तुमचा व्हरांडा ८ फूट रुंद, म्हणजे आडव्या २ च मॅटा बसते. २ बाय ८ ची पट्टी करा, १६ मॅटा. एका ओळीत किक मारत जाणं-येणं त्याच्यावर मस्त होते. समोरासमोर खेळवाचं असन तवा त्याच १६ उचलून एखाद्या रिकाम्या वर्गात ४ बाय ४ लावा. निम्म्याच्या वर पैसे इथंच जाईन, जाऊ द्या.

उरल्यात चार पॅडल (हातात धराचे छोटे पॅड), एक मोठं शील्ड, दोन होगू (छाती-पोट झाकाचं चिलखत), दोन हेडगार्ड. दोबोक, म्हणजे तायक्वांदोचा पोशाख, आता घेऊ नका. शाळेची काळी ट्रॅकपँट चालते, पोट्ट्यायले बी तेच बरं वाटते.

होगूचं माप पाठीवर छापलेल्या नंबरावर घेऊ नका. घालून पोट्टीले उकिडवं बसवा. वरची कड गळ्याले लागली तं मोठा. उभी राह्यल्यावर खालची कड कमरेच्या हाडाच्या वर राह्यली तं लहान. अन् पाठीमागच्या दोऱ्या या पोरीले एका हातानं बांधता येणार नाई, कोणालेच येत नाई तसं पाहिलं तं. जोडीदारीण ठरवून द्या.

मॅटीले काय होते: कडेचे दाते उघडते, त्यात पायाचं करंगळं अडकते. एक बाजू भिंतीले टेकवा, दुसऱ्या बाजूले बांबूची चौकट. उन्हात वाळत घालू नका, कोपरे वर वळते अन् मंग कधीच सपाट होत नाई. बादलीनं धुवाच्या नाई, ओल्या फडक्यानं पुसा. रात्री आडव्या रचून ठेवा अन् उंदरापासून सांभाळा, उंदराले त्या लय आवडते.

बॅग बनवाची असन तं पोतं घ्या, आत चिंध्या, जुने कपडे, सरकी काढलेली रुई. २५ किलोपर्यंत. रेती टाकू नका. टाकली तं ती खाली बसते, पोत्याचं बूड दगड होते, अन् पोट्टीच्या पायाचा वरचा भाग त्याच्यावर आदळते. पोतं असं टांगा का त्याचं बूड पोरीच्या गुडघ्यापाशी येईन. दर पंधरा दिवसांनी उलटं करा.

मॅट येईपर्यंत सारवलेलं अंगण चांगलं. चाळलेली माती चोपून शेणानं सारवा, सुकलं का पाय मोकळा फिरते. दवात घसरते तेवढं पाहा.

सिस्टर_आर्णी

मुरूम_माती भाऊ, बाकी सगळं पटलं, पण सारवलेल्या अंगणात अनवाणी किकची गोष्ट जरा थांबवा. तळव्याला चिरा असतात, नखं उपटतात आणि शेणमातीत धनुर्वाताचे जंतू असतात. करायचंच असेल तर आधी टीडीची लस पाहा. ती १० व्या आणि १६ व्या वर्षी देतात. आश्रमशाळेच्या आरोग्य कार्डावर नोंद असते, नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळते. जखम असलेल्या मुलीनं त्या दिवशी फक्त वरच्या अंगाचा व्यायाम.

यापेक्षा मोठी गोष्ट सिकलसेल, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार. तुमचा भाग, तुमच्या मुली, हे पाहता जोराचा सराव सुरू करण्याआधी तेराही जणींची तपासणी करून घ्या. पहिली सोल्युबिलिटी चाचणी आरोग्य केंद्रात होते. ती पॉझिटिव्ह आली तर पुढची चाचणी, इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, त्यातून कळतं की मुलगी एएस (फक्त वाहक) आहे की एसएस (प्रत्यक्ष आजार). पहिल्या चाचणीवर थांबू नका, ती दोन्हींत पॉझिटिव्ह येते.

एसएस असेल तर पाणी कमी पडणं, दमून जाणं, एकदम थंडी लागणं यांनी त्रास उठतो: हाडं दुखतात, पोट दुखतं, श्वास लागतो. अशा मुलीला लढतीच्या सरावात डॉक्टरांशी बोलल्याशिवाय उतरवायचं नाही. एएस असेल तर सहसा खेळता येतं, पण उन्हात सलग जोर नको, पाणी मोजून द्या आणि सराव हळूहळू वाढवा. आजारी मुलगी आणि आळशी मुलगी यांत गल्लत इथेच होते. 'सर, पाय दुखतात' म्हणणारीला आणखी दहा फेऱ्या लावल्या जातात.

वेळ म्हणाल तर मार्च ते जून पहाटे साडेपाच ते सात. सातनंतर बंद. मेमध्ये पारा ४५ च्या आसपास असतो तेव्हा संध्याकाळचा व्हरांडासुद्धा तापलेलाच असतो, भिंती रात्री नऊपर्यंत ऊब सोडत राहतात. दर २० मिनिटांनी पाणी, तासाभराच्या वर सराव असेल तर ओआरएस.

वजन अजिबात उतरवू नका. १३ वर्षांची मुलगी ३८ किलोची आहे, तिची उंची वाढतेय. कॅडेट वयोगटात, म्हणजे १२ ते १४, मुलींचे गट २९, ३३, ३७, ४१, ४४ असे जातात. कोणीतरी नक्की म्हणेल, 'एक किलो कमी कर, ३७ मध्ये पदक आहे.' एक किलो म्हणजे दोन दिवस पाणी बंद. नाही म्हणून सांगा. ४१ मध्ये खेळवा. हिमोग्लोबिन तपासा, जेवणात तूर, चणे, अंडी, जवसाची चटणी राहील ते पाहा.

गाम_जोम

तिसरा प्रश्न माझा.

कराटेतून येताय म्हणजे तुम्हाला काही सवयी मोडायच्या आहेत, मुलींच्या नव्हे, तुमच्या. कराटेत उभं राहणं खोल असतं. इथे पाय खांद्याच्या दीड पट अंतरावर, गुडघे हलके, टाचा जमिनीवरून जेमतेम एक कागद सरकेल एवढ्या वर. सतत हलकं उसळणं. आणि हाताच्या मुक्क्यावर भिस्त ठेवू नका. साध्या तायक्वांदोत अंगावरचा मुक्का १ गुण, अंगावरची किक २, डोक्यावरची ३, अंगावरची फिरकी किक ४, डोक्यावरची फिरकी ५. पॅरामध्ये मुक्क्याला गुणच नाही आणि डोक्यावर किक मारली तर उलट दंड. तिथे सरळ किक २, वळून मारलेली ३, पूर्ण ३६० अंश फिरून मारलेली ४. सगळा खेळ छाती-पोटाच्या होगूवर. वेळही वेगळा: साध्या लढतीत दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या, त्यातल्या दोन जिंकायच्या. पॅरिसला पॅराची लढत सलग ५ मिनिटांची एकच फेरी होती. म्हणजे दमाचं गणितच निराळं.

पहिले तीन आठवडे पॅड हातात घेऊ नका. फक्त पाय सरकवणं (पुढे, मागे, बाजूला, पाय बदलून) आणि खालचा पाय फिरवणं. फिरवण्यासाठी मॅटवर खडूने एक रेघ काढा. मुलगी रेघेवर उभी, दोन्ही हात भिंतीला (हिचा एक हात आणि एक कोपर), गुडघा समोर सरळ उचलायचा, मग कंबर वळवत खालची टाच रेघेच्या पुढे नेऊन भिंतीकडे आणायची, मग पाय सोडायचा. हे तुकड्या-तुकड्यांत, आकडे मोजत. प्रत्येक पायाला १० चे ४ संच. चूक कुठे होते ते सांगतो: गुडघा समोर न उचलता बाजूने उचलतात, कुत्रा खांबाशी पाय करतो तसा. मग किक लांबून, वळसा घालून येते, समोरचीला दिसते आणि लागते ती नडगी, पाऊल नाही.

चौथ्या आठवड्यापासून पॅडल. लागायला हवा पावलाचा वरचा भाग, बोटांच्या मुळापासून घोट्यापर्यंतचा. बोटं ताणून खाली. बोटांनी मारलं की अंगठ्याचा सांधा सुजतो, पहिल्या महिन्यात सगळ्यात जास्त हीच दुखापत. पॅडल धरणारीने कोपर पोटाला टेकवून धरायचं. हात लांब करून धरलं की मनगट जातं.

सहाव्या आठवड्यापासून पुढच्या पायाची कट किक, म्हणजे गुडघा वर घेऊन तळव्याने समोरचीचं पोट अडवणं. हिच्या बाबतीत ही किक म्हणजे ढालच, यावर जास्त वेळ द्या. फक्त पाय उगाच हवेत धरून ठेवायची सवय लागू देऊ नका, त्याला गाम-जोम मिळतो, म्हणजे समोरचीला फुकटचा १ गुण. पडणं, रेघेबाहेर जाणं, पकडणं, कमरेखाली मारणं, सगळ्याला तेच. कबड्डीवाल्या मुली पहिले दोन महिने पकडतात. हात आपोआप जातो.

नवव्या आठवड्याच्या आधी समोरासमोर खेळवू नका. बॅक किक (पाठ वळवून मागे मारायची) बाराव्या आठवड्यानंतर.

आता हात. कोणता पाय पुढे हे ठरवताना नीट बघा. डावा पाय पुढे ठेवून उभी राहिली की तिचं पोट उजवीकडे उघडं पडतं, आणि त्या बाजूला उजवा, पूर्ण हात आहे. डावी बाजू म्हणजे बरगड्यांची कड आणि पाठ, ती कोपर आणि दंड झाकतात. उजवा पाय पुढे ठेवला तर उघडं पोट डावीकडे येतं, जिथे झाकायला हात आखूड. समोरची मुलगी उजवा पाय मागे ठेवून उभी असली की तिची सगळ्यात जोराची किक नेमकी तिथेच बसते. म्हणून मुख्य उभं राहणं डावा पाय पुढे. पण दर सरावात एक चतुर्थांश वेळ उलट उभं करून खेळवा, कारण लढतीत फिरकी मारली की पाय आपोआप बदलतात आणि दोन सेकंद तरी ती चुकीच्या बाजूने उभी असते. त्या दोन सेकंदांत काय करायचं हे अंगात बसलेलं हवं: मागे सरकू नकोस, आत घुस, छातीला छाती लाव. अंतर संपलं की जोराची किक बसत नाही.

आखूड हाताच्या टोकावर मार बसू देऊ नका. मऊ पॅडची बाही शिवून घ्या, कोपराच्या वरपर्यंत. पडायला शिकवताना त्या हातावर टेकायचं नाही, हनुवटी छातीला, उजव्या खांद्यावरून गोल.

तोलाचं एक सांगून ठेवतो. फिरकी किकमध्ये दोन्ही हात अंगाला ओढून घेतले की फिरणं जलद होतं. एक हात आखूड असला की उजवीकडचं फिरणं आणि डावीकडचं फिरणं सारखं होत नाही. एका बाजूला ती पुढे जाऊन पडेल. ती बाजू कोणती ते पहिल्या आठवड्यात वहीत लिहा आणि त्या बाजूला दुप्पट करा.

पीटी_गुरुजी_केळापूर

खूप उपयोगी. व्हरांड्यात २ बाय ८ ची पट्टी हे डोक्यातच आलं नव्हतं. सिस्टर, सिकलसेलचं पुढच्या आठवड्यात आरोग्य पथक येतंय तेव्हा करून घेतो.

दोन उपप्रश्न. शालेय स्पर्धेत १४ वर्षांखालच्या गटात हिला साध्या मुलींबरोबर खेळवायचं का? आणि ५ मिनिटांचा दम कसा वाढवायचा?

गाम_जोम

दम आधी. ५ मिनिटं पळायला लावून काही होत नाही. दहा तुकडे करा, प्रत्येक ३० सेकंदांचा: ६ सेकंद जीव तोडून पॅडवर किक, २४ सेकंद पाय हलवत, अंतर राखत. दहा झाले की ५ मिनिटं. मधे ५ मिनिटं बसवा, मग दुसरी फेरी. आठवड्यातून दोनच दिवस. पहिल्या महिन्यात दुसरी फेरी सातव्या तुकड्यावर मोडेल, हात खाली येतील. मोडली की थांबवा. दमलेल्या पायाने वाईट किक मारत राहिली तर तीच किक शिकते.

शालेय स्पर्धेबद्दल माझं मत खेळवा, पण या वर्षी नाही. तिथे डोक्यावर किक चालते. पॅराच्या सरावात डोकं झाकायची सवय लागत नाही, आणि एका बाजूला हात आखूड. डाव्या कानाकडे आलेली किक ती कशाने अडवणार? खांदा वर आणि हनुवटी आत, हे वर्षभर शिकवल्यावरच.

के४४

इथे माझं थोडं वेगळं मत. पूर्ण वर्ष थांबलात तर ती १४ वर्षांखालच्या गटातून बाहेर जाईल आणि ग्रामीण भागात पॅराच्या स्पर्धा मुळातच कमी. लढत मिळणं हाच मोठा प्रश्न आहे. मधला मार्ग: शाळेतल्या इतर मुलींना तिच्याशी खेळताना पॅराचे नियम लावा, डोक्यावर किक नाही. आठवड्यातून एक दिवस उलट, सगळ्यांनी डोक्यावरच मारायचं पण शील्डवर, आणि तिने फक्त चुकवायचं. सहा महिन्यांनी यवतमाळच्या प्रशिक्षकांना दाखवा, त्यांना ठरवू द्या. पूमसे, म्हणजे ठरलेल्या हालचालींचा प्रकार, त्यात तर आजही उतरवता येईल, तिथे मारच नाही.

मार्ग सांगतो. यवतमाळ अमरावती विभागात येतं, त्यामुळे जिल्हा, मग अमरावती विभाग, मग राज्य. नोंदणी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडे, शाळेमार्फत. पट्ट्यांचं सांगायचं तर गल्लीत दर तीन महिन्यांनी परीक्षा घेऊन पैसे घेणारे खूप आहेत. रंगीत पट्ट्याला बाहेर काडीची किंमत नाही. काळ्या पट्ट्याचं प्रमाणपत्र कुक्कीवोनचं हवं, म्हणजे कोरियातल्या मुख्य संस्थेचं, त्यावरचा क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर तपासता येतो. १५ वर्षांखालच्या मुलांना डानऐवजी (डान म्हणजे काळ्या पट्ट्याची श्रेणी) पूम मिळतो, तो नंतर डानमध्ये बदलून घेता येतो. आणि बाहेरदेशी खेळायचं तर वर्ल्ड तायक्वांदोचं खेळाडू परवानापत्र लागतं, ते राष्ट्रीय संघटनेमार्फतच. आपल्याकडे संघटनांचे वाद झालेले आहेत, म्हणून फॉर्म भरण्याआधी ज्यांचं नाव वर्ल्ड तायक्वांदोच्या सदस्य यादीत आहे तेच का, एवढं पाहून घ्या. नाहीतर पदक खरं आणि कागद निकामी.

काठमांडू_ते_काटोल

चौथा प्रश्न कोणीच पूर्ण घेतला नाही म्हणून लिहितो. नेपाळ हा त्यासाठी चांगला नमुना आहे, कारण तिथे पैसा कमी, लोकसंख्या कमी आणि तरी हा खेळ घट्ट रुजला.

पलेशा अचानक उगवलेली नाही. १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये तायक्वांदो प्रात्यक्षिक खेळ होता. त्यात बिधान लामा याने कांस्य मिळवलं, पदकतालिकेत ते धरत नाहीत, पण तिथल्या मुलांनी धरलं. १९९८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत सबिता राजभंडारीने रौप्य घेतलं. मग संगीना वैद्य. २००४ च्या अथेन्सला ती ४९ किलोखाली खेळली आणि तिचं महत्त्व पदकात नाही: नेपाळमधून ऑलिम्पिकला जाणारे खेळाडू वाइल्ड कार्डवर जात, ती पात्रता स्पर्धा जिंकून गेली. २००८ ला दीपक बिष्ट तसाच. म्हणजे पलेशा शाळेत जायला लागली तेव्हा 'मुलगी या खेळात कुठवर जाते' याचं उत्तर तिथे आधीच तयार होतं.

दुसरी गोष्ट पगार. नेपाळमध्ये आर्मी, पोलीस आणि सशस्त्र प्रहरी यांचे खेळाचे क्लब आहेत. चांगली खेळणारी मुलगी तिथे भरती होते, पगार सुरू, सराव चालू. तिशीनंतर तीच प्रशिक्षक. आपल्याकडे याला जवळचं म्हणजे पोलीस, रेल्वे, निमलष्करी दलांतली खेळाडू भरती आणि राज्य सरकारच्या नोकऱ्यांतलं ५ टक्के खेळाडू आरक्षण. त्यात कोणत्या स्पर्धेचं, कोणत्या क्रमांकाचं प्रमाणपत्र चालतं हे शासन निर्णयात दिलेलं असतं, आणि प्रमाणपत्र विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून पडताळून घ्यावं लागतं. म्हणून प्रत्येक स्पर्धेची मूळ प्रवेशिका, भाग्यपत्रिका (लढतींचा ड्रॉ) आणि निकालपत्र यांची झेरॉक्स शाळेत आणि घरी, दोन्हीकडे. पडताळणीला सहा वर्षांनी नेमका तोच कागद मागतात आणि आयोजकांकडे तोपर्यंत काही उरलेलं नसतं.

पॅराबद्दल आपल्याकडचं नाव हरियाणाच्या अरुणा तंवरचं. टोकियोला के४४ मध्ये, ४९ किलोखाली, पॅरालिम्पिकमध्ये तायक्वांदो खेळणारी ती पहिली भारतीय. मुलींना पलेशाबरोबर तिचंही नाव सांगा.

तिसरी गोष्ट, जी नेपाळकडून शिकण्यासारखी आणि तुमच्या हातातली: इलेक्ट्रॉनिक होगूची सवय. मोठ्या स्पर्धांत अंगावरच्या किकचा मूळ गुण पंच देत नाहीत, होगूतला सेन्सर आणि पायमोज्यातला सेन्सर जुळले आणि ठरलेल्या जोराच्या वर धक्का बसला तरच गुण पडतो. खेड्यातल्या मुली पॅडवर 'फट्ट' आवाज काढायला शिकतात. तो आवाज झटक्याचा असतो, जोराचा नसतो, आणि पडद्यावर शून्यच राहतं. तुमच्याकडे तसा होगू येणार नाही, गरजही नाही. साध्या होगूच्या छातीवर खडूची भुकटी फासा. राउंड किकनंतर पायाच्या वरच्या भागावर पांढरं उमटलं पाहिजे. नडगीवर उमटलं तर तो गुण नाही. आणि आवाज ऐकू नका, होगू घातलेली मुलगी अर्धं पाऊल मागे सरकली का ते बघा.

मोजे घेताना घट्ट घ्या. सैल मोजा लढतीत फिरतो, सेन्सर तळव्याखाली जातो आणि मुलगी पाच मिनिटं मारत राहते.

मुरूम_माती

खडूची गोष्ट एक नंबर. फक्त मॅटवर सांडू देऊ नका, भुकटी अन् घाम मिळून मॅट साबणावानी होते. खडू लावाच्या दिवशी दाराशी एक ओलं पोतं टाका अन् दर फेरीनंतर पाय पुसाले लावा.